वर कोणी राहिलंय का?

१

घुमटाच्या जिन्याला कुलूप घालण्याआधी वर हाक मारायची, हा नियम लॉर्ना टेग्लंड गाईड म्हणून कामाला लागली त्याच्याही आधीचा होता.

विधानभवनाला एकात एक असे दोन घुमट होते. खालच्या गोल दालनातून दिसे तो आतला. निळा रंग, सोनेरी तारे आणि मधोमध एक गोल झरोका. गव्हाच्या शेतांपलीकडून, वीस मैलांवरूनही दिसे तो बाहेरचा, तांब्याचा. दोन्हींच्या मध्ये मोठी काळोखी पोकळी होती आणि तिच्यातून एक लोखंडी जिना वळत वळत कळसापर्यंत जाई. पोकळीत कोनाडे फार. एकदा फोटो काढत मागे रेंगाळलेले एक निवृत्त पोस्टमास्तर शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत तिथे अडकून पडले होते. तेव्हापासून नियम झाला. वर जाताना माणसे मोजायची, खाली येताना मोजायची, आणि मोजणी जुळली तरी दाराशी उभे राहून वर ओरडायचे, "वर कोणी राहिलंय का?" मग मनात दहापर्यंत आकडे म्हणायचे आणि कुलूप घालायचे.

एकोणीस वर्षे लॉर्ना ही हाक मारत आली होती. हाकेला उत्तर येत नसे. उत्तर न येणे हेच उत्तर असे.

१९८८ सालच्या मे महिन्यातला मंगळवार होता. अधिवेशन एप्रिलमध्येच संपले होते, आमदार आपापल्या शेतांवर परतले होते आणि एवढी मोठी इमारत आता शाळांच्या सहली आणि पेन्शनर मंडळींची झाली होती. दुपारी दोनच्या फेरीत दहा माणसे वर गेली, दहा खाली आली. शेवटची बाई गुडघे चोळत बाहेर पडली. लॉर्नाने दारात उभे राहून हाक मारली आणि आकडे म्हणायला सुरुवात केली.

सहाच्या आकड्याला वर लोखंडावर एक पाऊल वाजले.

एकच. जड. आणि त्याच्या मागोमाग, पोते फरपटत ओढावे तसा एक घासल्याचा आवाज. मग शांतता.

लॉर्नाने पुन्हा हाक मारली. काही नाही. ती एकशे चाळीस पायऱ्या चढून वर गेली. प्रत्येक कोनाड्यात विजेरीचा झोत टाकला. तांबे तापले होते, पोकळीत भट्टीसारखी ऊब होती आणि कुठेतरी एक कबुतर घुमत होते. माणूस कोणी नव्हता.

खाली आली तेव्हा दारावरचा पहारेकरी ऑर्व्हिल तिच्याकडे बघत होता. ऑर्व्हिल सदुसष्ट वर्षांचा, निवृत्तीच्या तारखेला तीनदा चकवा दिलेला. तिने त्याला आवाजाचे सांगितले. तो म्हणाला, "अगं, ऊन उतरलं की लोखंड कुरकुरतं. माझे गुडघे आणि हा जिना, दोघंही तीन वाजता बोलायला लागतात. तू गुडघ्यांना हाक मारत नाहीस, हे नशीब."

लॉर्ना हसली. तिला पटले. निदान घरी जाईपर्यंत तरी पटले.

२

लॉर्नाला लोक विनोदी बाई समजत. ती तशी नव्हती.

शाळेत असताना ती हजेरीला "हजर" म्हणतानाही लाजत असे. माणसांपेक्षा इमारतींशी तिचे बरे जमे. विधानभवनातल्या संगमरवराचे बारा प्रकार तिला डोळे मिटून, नुसत्या हाताच्या स्पर्शाने ओळखता येत. खांबांवर कोरलेल्या कणसांत एक कणीस कोरणाऱ्याने मुद्दाम उलटे कोरले आहे, हे तिनेच शोधून काढले होते. पण ती हे सारे इतक्या हळू आवाजात सांगे, की पाहुणे माना वळवून दारांकडे बघू लागत.

नऊ वर्षांपूर्वी आठवीचा एक वर्ग सहलीला आला होता. मुले गोल दालनाच्या फरशीवर बसली होती आणि लॉर्ना मधल्या पितळी ताऱ्यावर उभी होती. तो तारा बरोबर झरोक्याखाली होता. ती झरोक्याचा व्यास सांगत होती. एका मुलाने मोठ्याने जांभई दिली आणि सगळा वर्ग त्या जांभईला हसला. शिक्षिकाही हसली. लॉर्नाचे कान तापले. आणि मग ती काय बोलू लागली, ते तिचे तिलाच कळले नाही.

खरे एवढेच होते. बांधकामाच्या मुकादमाची वही तळघरातल्या दप्तरखान्यात होती आणि तिच्यात दोन ओळी होत्या. '१४ ऑक्टोबर १९०८. गिलावा करणारा व्हेन्सिल ह्रुश्का झरोक्यापाशी पाय घसरून पडला, जागीच गेला. दुपारी काम पुन्हा सुरू.'

लॉर्नाने मुलांना सांगितले, की ह्रुश्का त्या दिवशी बाटली रिचवून आला होता. सोबत्यांशी त्याने पैज मारली, की झरोक्याच्या काठावर, एका फळीवर आपण पोल्का नाचून दाखवू. नाचला. नाचता नाचता त्याची टोपी उडाली आणि झरोक्यातून डुलत डुलत खाली निघाली. ह्रुश्का म्हणाला, "थांब, माझी टोपी!" आणि वाकला.

इथे लॉर्ना थांबली. का थांबली हेही तिला ठाऊक नव्हते. चाळीस चेहरे तिच्याकडे लागले होते. आयुष्यात पहिल्यांदा.

"आणि टोपीच्या आधी तो खाली पोहोचला," ती म्हणाली.

मुले फरशीवर लोळून हसली. तो हशा निळ्या घुमटापर्यंत गेला आणि परत आला. लॉर्नाला वाटले, थंडीतून आल्यावर कोणीतरी अंगावर गरम घोंगडी टाकावी तसे.

त्या दिवसापासून गोष्ट रोज सांगितली जाऊ लागली. दुसऱ्या वर्षी ती माहितीपुस्तिकेत छापली गेली. पुरावा कोणी मागितला नाही. गाईड बाई सांगते म्हणजे खरेच असणार. आणि या वर्षी अभ्यागत कार्यालयाचा नवा प्रमुख कर्टिस बेल, पस्तिशीचा उत्साही गृहस्थ, तिला म्हणाला, की ह्रुश्काच्या नावाने दालनात एक पितळी पाटी लावायची, गोष्ट तिच्यावर कोरायची, आणि अनावरण लॉर्नाबाईंनीच करायचे.

वहीतल्या त्या दोन ओळी लॉर्नाने नऊ वर्षांत पुन्हा उघडून बघितल्या नव्हत्या. तळघराच्या त्या बाजूला ती जातच नसे.

३

बुधवारी पुन्हा पाऊल वाजले. गुरुवारी दोनदा.

लॉर्ना हट्टी नव्हती, पण व्यवस्थित होती. ह्रुश्काची गोष्ट सांगितलेल्या फेरीनंतरच पाऊल वाजते का, हे तिने ताडून पाहायचे ठरवले. शुक्रवारी सकाळी चर्चच्या आज्यांचा एक गट होता. त्यांना तिने संगमरवर दाखवला, खांब दाखवले आणि ह्रुश्काची गोष्ट गाळली. कुलूप घालताना हाक मारली, दहाच्या जागी तीसपर्यंत आकडे म्हटले. वर चिटपाखरू हलले नाही. पुढच्या गटात मात्र एका बापाने मुलांना मुद्दाम "ती टोपीवाली गोष्ट" ऐकायला आणले होते. तिने सांगितली. लोक हसले. आणि ती हाक मारायला दारात उभी राहिली, तेव्हा वरून नुसते एक पाऊल नाही, चार-पाच पावले आली. जड पाऊल, घासणे. जड पाऊल, घासणे. मग तोल गेल्यासारखी एक धडपड आणि कठड्यावर आदळलेला हात.

मंगळवारचे पाऊल तिला आठवले. ते जपून टाकलेले होते, पायरी चाचपून टाकलेले. हे तसे नव्हते. हे प्यायलेल्या माणसाचे पाऊल होते.

लोखंड कुरकुरते, लॉर्नाने स्वतःला सांगितले. पण लोखंडाला दारू चढत नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती वर गेली. या वेळी जिन्यावर न थांबता तिने साखळी ओलांडली आणि आतल्या घुमटाच्या पाठीवर उतरली. तिकडे लोकांना जायला बंदी होती. ती स्वतःही सात-आठ वर्षांत गेली नव्हती. खालून एवढा निळा, एवढा देखणा दिसणारा घुमट पाठीकडून नुसता खरबरीत, करड्या गिलाव्याचा होता, उलट्या घातलेल्या भांड्यासारखा. गिलाव्यात जागोजागी बोटांचे ठसे होते. कामगारांनी पेन्सिलीने नावे लिहिली होती, तारखा घातल्या होत्या, कोणी एका बाईचे चित्र काढले होते. झरोक्याभोवती फळ्यांची अरुंद वाट होती, तिला आतून कमरेएवढा कठडा.

ती कठड्यापाशी पोहोचली तोच तिच्या कानाशी कोणीतरी म्हणाले, "पुन्हा अंड्याचं सँडविच."

ती दचकून मागे सरली. मागे कोणी नव्हते. मग तिने खाली वाकून पाहिले. दीडशे फूट खाली ऑर्व्हिल ताऱ्याच्या कडेला एकटाच उभा होता आणि डबा उघडून स्वतःशी पुटपुटत होता. "तीस वर्षं झाली लग्नाला," तो म्हणाला, "आणि रोज अंड्याचं सँडविच." कानाशी ओठ आणून बोलावे तसा शब्द न् शब्द वर येत होता. खाली ताऱ्यावर बोललेले सगळे गोल भिंतीवरून घसरत इथे येऊन पोहोचत होते.

सगळे. रोजचे. नऊ वर्षांचे. आणि मागून येणारा हशाही.

लॉर्नाने कठडा धरला. तिने नजर खाली, आपल्या पायांकडे वळवली, आणि तेव्हा तिला फळ्यांवरची धूळ दिसली.

धूळ बोटभर जाड होती. तिच्यात बुटांचे ठसे होते. डाव्या पायाचा ठसा स्पष्ट, टाचेच्या खिळ्यांसकट. उजव्याचा ठसा नव्हताच, त्याच्या जागी एक लांब फराटा होता. ठसा, फराटा. ठसा, फराटा. ते कुठून आले नव्हते आणि कुठे गेले नव्हते. झरोक्याभोवती फक्त गोल फिरत होते. मध्येच दोन ठसे जवळजवळ, मग एक अर्धी गिरकी, मग तोल सावरताना घासलेली टाच. आणि पुन्हा पहिल्यापासून. नाचता न येणाऱ्या माणसाने, कोणी सांगितले म्हणून, एकट्यानेच नाच शिकत बसावे तसे.

लॉर्ना खाली आली आणि सरळ कर्टिसच्या खोलीत गेली. पाटी थोडी पुढे ढकलता येईल का, गोष्ट एकदा तपासून घ्यावी म्हणते, असे ती म्हणाली. कर्टिसने पाटी ओतूनही झाल्याचे सांगितले. शिवाय मोठी गंमत घडली होती. ह्रुश्काची मुलगी हयात असल्याचे कळले होते, ती येणार होती. तो म्हणाला, "लॉर्नाबाई, ऐंशी वर्षांपूर्वी गेलेला माणूस. आज तुमच्यामुळे लोकांना त्याचं नाव तरी माहीत आहे. काय तपासायचंय?"

सांगण्यासारखे एकच वाक्य होते. ते तिच्या जिभेवर आलेही. पण तिला त्याच्या चेहऱ्यावरचे हसू मावळताना बघवले नसते. ती "बरोबर आहे" म्हणाली आणि दार हलकेच ओढून घेऊन बाहेर पडली.

४

मिली ह्रुश्का पुढच्या शुक्रवारी, अनावरणाच्या आदल्या दिवशीच, बसने आली. एकोणऐंशी वर्षांची बुटकी बाई, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. बाप पडला तेव्हा ती आईच्या पोटात होती. मोठ्या जिन्याखालच्या बाकावर ती लॉर्नाची वाट बघत बसली होती.

"तूच का ती गोष्ट सांगणारी?" तिने विचारले. "मला वाटलं, कोणी दांडगी बाई असेल. तुझा आवाज तर पाखरासारखा आहे गं. बस. कोलाचे खा. आलुबुखाराचे आहेत, पहाटे उठून केलेत."

लॉर्ना बसली. पावाच्या त्या मऊ वाटीतला गोड गर तिच्या तोंडात तसाच राहिला.

मिली आपल्या भावाविषयी बोलू लागली. फ्रँक तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, धान्याच्या कोठारावर कामाला होता. शिडी चढण्याआधी प्रत्येक दोर दोनदा ओढून बघायचा. लोक त्याला भित्रा म्हणायचे. तो म्हणायचा, माझे वडील असेच करायचे, आई सांगायची. दारूला जन्मात शिवला नाही, तेही वडील शिवत नव्हते म्हणून. न आठवणाऱ्या बापाच्या बेतावर त्याने आपले अख्खे आयुष्य शिवले होते. मग दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या नातवाने सहलीतून ती पुस्तिका आणली.

"वाचून त्याने ती टेबलावर ठेवली," मिली म्हणाली. "एवढंच बोलला, 'म्हणजे आईने आपल्याला फसवलं, मिली.' मग उठून भिंतीवरचा बाबांचा फोटो उतरवला. मार्चमध्ये गेला तो. शेवटपर्यंत फोटो परत लावू दिला नाही."

लॉर्ना डब्याच्या झाकणावरच्या चित्राकडे बघत राहिली. त्यावर एक हिवाळ्यातली घसरगाडी होती.

"मी रागावलेली नाहीये हं," मिली म्हणाली. "तरुण माणूस, प्यायला असेल एखाद्या दिवशी. आईलाच लाज वाटली असेल म्हणून लपवलं असेल. फक्त मला एकदा तो कागद बघायचाय. कुठे लिहिलंय हे?"

लॉर्नाला वाटले, आता. आत्ता नाही सांगितले तर कधीच नाही.

"जुन्या वहीत आहे," ती म्हणाली. "वही... बांधणीला गेली आहे. पुढच्या महिन्यात येईल."

तिचाच आवाज. किती सहज आला.

"असू दे," मिलीने तिच्या हातावर हात ठेवला. हात पिठासारखा मऊ होता. "सरकारी पाटीवर उगाच कोणी काही कोरत नाही. मी फक्त विचार करत होते, की नाचले कसे असतील गं ते? लहानपणी घोड्याने लाथ मारलेली. उजवा पाय ओढत चालायचे. स्वतःच्या लग्नातसुद्धा खुर्चीवर बसून होते, आई सांगायची." ती हसली. "आणि ते टोपीचं. पुस्तिकेत काळी हॅट म्हटलंय. गिलावेवाले कसली हॅट घालतायत कामावर. केसांत चुना पडू नये म्हणून कागदाची टोपी घालायचे. आई रोज सकाळी चेक भाषेतल्या वर्तमानपत्राची घडी घालून करून द्यायची. एक कोपरा आत दुमडून."

धुळीतले फराटे लॉर्नाच्या डोळ्यांसमोर होते.

दालन रिकामे होते. कोणी गोष्ट सांगितली नव्हती, कोणी हसले नव्हते. तरीही खूप वर, निळ्या घुमटाच्या पाठीकडे, एक पाऊल वाजले आणि एक घासले गेले.

मिलीने मान तिरकी केली. "वर कोणी आहे का गं?"

"नाही," लॉर्ना म्हणाली.

५

शनिवारी अकरा वाजता दालन माणसांनी भरले. शाळेचा बँड होता, दोन आमदार होते, खुर्च्यांच्या आठ रांगा होत्या. पाटी भिंतीवर निळ्या कापडाखाली होती. मिलीची खुर्ची मधोमध, बरोबर पितळी ताऱ्यावर मांडली होती.

लॉर्नाने कर्टिसला खुर्ची जरा बाजूला घेऊया का, असे विचारले. तो म्हणाला, फोटोग्राफरनेच ती जागा सांगितली आहे, झरोक्यातून कळसाच्या खिडक्यांचा उजेड छान पडतो. तिने मिलीला विचारले. मिली म्हणाली, "इथेच पडले ना ते? मग मला इथेच बसू दे."

रात्रभर जागून लॉर्नाने मोजकी वाक्ये पाठ केली होती. सकाळी नोकरी सोडल्याची चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवली होती. वहीही तळघरातून आणली होती. ती त्याच पर्समध्ये होती आणि पट्टा खांद्यात रुतत होता.

कर्टिसने तिची ओळख करून दिली. ज्यांनी आपल्या राज्याला हसायला शिकवले, असे काहीतरी तो म्हणाला. टाळ्या पडल्या. ती ताऱ्याच्या कडेला उभी राहिली. वर पाहिले नाही.

"मित्रहो," ती म्हणाली, "व्हेन्सिल ह्रुश्का प्यायलेले नव्हते."

दालन शांत झाले. चेहरे तिच्याकडे लागले.

"पैज नव्हती. नाच नव्हता. त्यांचा पाय अधू होता आणि ते जपून काम करणारे होते. ती गोष्ट मी रचली. नऊ वर्षं मी खोटं सांगत आलेय."

शेवटचे वाक्य माफीचे होते. ते बोलण्याआधी ती थांबली. श्वास घेण्यापुरतीच. पण नऊ वर्षांची सवय होती. ती बरोबर तिथेच थांबली, तेवढेच थांबली, जेवढे ती नेहमी थांबत असे.

तिसऱ्या रांगेत एकाने फिस्स केले. शेजारच्या बाईने तोंडावर हात धरला. आणि मग हशा फुटला. आमदार हसले, बँडवाली पोरे हसली, कर्टिस मांडीवर थाप मारून हसला. काय सुरुवात काढलीय बाईने. मागून कोणीतरी ओरडले, "ते कळलं, आता टोपीचं सांगा!" ऑर्व्हिल तेवढा दाराशी गोंधळून उभा होता.

लॉर्ना "नाही, नाही" म्हणाली. ते पुढच्या रांगेलाही ऐकू गेले नाही. तिने पर्समधून वही काढून उंच धरली. लोक आणखी हसले. आणि तो हशा, ती ऊब अंगावर येताच, सवयीने, लॉर्नाही हसली.

तिला ते कळले तोवर उशीर झाला होता. तिने ओठ मिटले. मिली हसत नव्हती. ती लॉर्नाकडेच बघत होती, तिच्या तोंडाकडे, जिथे आत्ता हसू होते तिथे. त्या म्हाताऱ्या डोळ्यांत राग नव्हता. त्यांना सगळे कळले होते, एवढेच.

हशा वर गेला. घुमटाला टेकला. आणि तो ओसरायच्या आत वर पावले सुरू झाली.

जड पाऊल, घासणे. जड पाऊल, घासणे. झरोक्याभोवती गोल. आता त्यांना एक ताल होता, अडखळता, केविलवाणा, शिकून शिकून जमवलेला. गिलाव्याची बारीक पूड उजेडाच्या झोतातून खाली झरू लागली आणि मिलीच्या रुमालावर, खांद्यांवर बसू लागली. लोकांनी माना वर केल्या. वा, कोणीतरी म्हणाले, केवढी तयारी केलीय यांनी.

लॉर्नाला ओरडायचे होते. रोज दाराशी उभी राहून ती ओरडत असे, तसे. पण तिने वही छातीशी आवळून धरली, एवढेच.

पावले काठाशी येऊन थांबली.

झरोक्याच्या कडेवर क्षणभर एका बुटाचे टोक दिसले. चुन्याने पांढरे झालेले. मग काहीतरी हलके, फिकट, काठावरून सुटले आणि डुलत डुलत खाली निघाले. ती काळी हॅट नव्हती. ती कागदाची टोपी होती. वर्तमानपत्राची, एक कोपरा आत दुमडलेली.

लोक टाळ्या वाजवू लागले. मिली खुर्चीतून अर्धी उठली, वर बघत, आणि तिने दोन्ही हात उंच केले. ते टोपीसाठी होते, की टोपीमागून येणाऱ्यासाठी, हे लॉर्नाला कळले नाही. टोपीच्या आधी कोण खाली पोहोचते, ते मात्र तिला पाठ होते. तिनेच ते रचले होते. तिने मान खाली घातली आणि फरशीवरच्या ताऱ्याकडे बघत राहिली.

टोपी अजून हवेतच होती.